रक्त पातळ करणाऱ्या गोळीने कातडी काळी कशी पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ५६ वर्षांच्या आईच्या डाव्या पायात गुठळी झाली. दवाखान्यात दोन दिवस पोटावर इंजेक्शनं दिली, सोबत रक्त पातळ व्हायची गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी ‘आयएनआर छान आला’ (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) म्हणून इंजेक्शनं बंद केली आणि नुसत्या गोळीवर घरी सोडलं. पाचव्या दिवशी उजव्या मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला, संध्याकाळपर्यंत तो जांभळा झाला आणि दुसऱ्या दिवशी मधोमध काळा पडला. चादर लागली तरी आई कळवळायची. एक डॉक्टर म्हणाले, रक्त फार पातळ झालंय, सगळं बंद करा. दुसरे म्हणाले, गोळीनेच झालंय, पण इथे रक्त गोठलंय. मुलाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: गोठू नये म्हणून दिलेल्या गोळीने रक्त गोठतं कसं, आईला ही गोळी पुन्हा घेता येईल का, आणि त्याने व त्याच्या बहिणीने काही तपासून घ्यावं का.

मी फिजिशियन आहे. पंचवीसेक वर्षं झाली, आठवड्यातल्या दोन सकाळी फक्त आयएनआरवाले रुग्ण बघते. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान त्यांच्या डॉक्टरांचंच. पण तुम्ही लिहिलेला क्रम बघता दुसरे डॉक्टर बरोबर असावेत. या त्रासाला वॉरफरिनमुळे (रक्त पातळ करणारी म्हणतात त्यातली एक गोळी) होणारा त्वचेचा नेक्रोसिस म्हणतात, म्हणजे कातडी आणि तिच्याखालची चरबी जागच्या जागी मरणं. वॉरफरिन घेणाऱ्यांत तो हजारात एखाद्याला होतो, काही हिशेबांनी दहा हजारांत एखाद्याला. आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा ॲसेनोकूमॅरॉल जास्त लिहिलं जातं, रुग्ण ज्याला ‘असिट्रॉम’ म्हणून ओळखतात ते. दोन्ही एकाच घराण्यातली औषधं आणि हा त्रास दोन्हींनी होतो.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू, कारण निम्म्या चुका त्यातून होतात. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ रक्त पातळ करत नाही. पाणी घातल्यावर ताक पातळ होतं तसं इथे काही होत नाही. दूध तेवढंच दाट राहतं, फक्त विरजण लागत नाही. गोळी रक्त गोठण्याची क्रिया मंद करते, एवढंच तिचं काम. पण ‘पातळ’ हा शब्द डोक्यात पक्का बसला की अशा रुग्णाच्या अंगावरचा प्रत्येक काळानिळा डाग ‘पातळ रक्त बाहेर आलं’ असाच दिसायला लागतो. घरच्यांना तसा दिसतो, मेडिकलवाल्याला तसा दिसतो, आणि खोटं कशाला बोलू, रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरलाही तसाच दिसतो. १९५४ साली व्हर्हागेन यांनी हा त्रास या औषधांशी जोडून मांडला, तेव्हा त्यांनीसुद्धा त्याला स्थानिक रक्तस्राव म्हटलं होतं. खरा उलगडा व्हायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं.

तो उलगडा असा. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि ते कामाचे व्हायला व्हिटॅमिन के लागतं: दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचे. वॉरफरिन किंवा असिट्रॉम व्हिटॅमिन केचं चक्र अडवतं, म्हणून हे चारही हळूहळू कमी होतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच व्हिटॅमिन केवर आणखी दोन प्रथिनं तयार होतात, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. त्यांचं काम बरोबर उलटं, म्हणजे गोठण्याला आवर घालायचं. होळी पेटवतो तेव्हा भोवती चारजण पाण्याच्या बादल्या घेऊन उभे असतात, ठिणगी शेजारच्या गंजीवर जाऊ नये म्हणून. प्रोटीन सी म्हणजे ती बादलीवाली माणसं. जखमेच्या जागी रक्त गोठावं, पण ते तिथेच थांबावं, हे ती बघतात.

आता गोळी सुरू झाली. नवा माल येणं बंद झालं, पण रक्तात आधीचा शिल्लक आहे आणि तो प्रत्येकाचा वेगळ्या वेगाने संपतो. सात नंबरचा घटक साधारण सहा तासांत निम्म्यावर येतो. प्रोटीन सी आठेक तासांत. नऊ नंबरला दिवसभर लागतो, दहाला दीड दिवस किंवा थोडा जास्त, आणि खरी आग ज्याच्यामुळे पेटते त्या दोन नंबरला, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनला, साठ तासांहून अधिक. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस चित्र असं असतं: बादलीवाले घरी गेलेत आणि लाकडं अजून धडाडून जळतायत. त्या दिवसांत गोळी घेणाऱ्या प्रत्येकाचं रक्त थोडं गोठण्याकडे झुकतं. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण ज्याच्याकडे जन्मतःच बादल्या निम्म्या आहेत त्याचं काय? किंवा ज्याला पहिल्याच दिवशी मोठा डोस दिला, म्हणजे बादलीवाले एकदमच पळाले? अशांच्या कातडीतल्या आणि चरबीतल्या बारीक शिरा गुठळ्यांनी भरतात, पुढचा भाग उपाशी राहतो आणि मरतो. अशा जागेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की शिरांमध्ये गुठळ्या गच्च बसलेल्या दिसतात. शिरांच्या भिंती मात्र बऱ्याच अंशी शाबूत असतात.

म्हणूनच अंगात गुठळी असताना ही गोळी एकटी सुरू करत नाहीत. सोबत हेपरिनची इंजेक्शनं चालू ठेवतात, कारण हेपरिन व्हिटॅमिन केच्या वाटेला जात नाही, ते थेट आग दाबतं. नियम असा आहे की इंजेक्शन आणि गोळी किमान पाच दिवस बरोबर चालली पाहिजेत, आणि आयएनआर दोनच्या वर जाऊन तिथे एक दिवस टिकलेला असला पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात. तुमच्या आईंच्या बाबतीत तिसऱ्या दिवशीच्या ‘छान’ आयएनआरने घात केला. तो सुरुवातीचा आयएनआर बहुतांशी सात नंबरचा घटक उतरल्यामुळे वाढलेला असतो. कागदावर औषध लागू पडलेलं दिसतं, रक्तात दोन नंबरचा घटक अजून जोरात असतो. इंजेक्शनं महाग आणि त्यासाठी दवाखान्यात राहावं लागतं, म्हणून नातेवाईकही ‘डॉक्टर, गोळीवर सोडा आता’ म्हणून मागे लागतात. मला ते कळतं. पण पोटावरची इंजेक्शनं घरीसुद्धा घेता येतात. गावातली सिस्टर देते, कित्येकदा सूनबाई दोन दिवसांत शिकते. मी चिठ्ठीवर इंजेक्शन बंद करायची तारीख लिहून देते आणि ती आयएनआर बघून मीच बदलते.

हा त्रास होतो तो बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, कधी दहाव्यापर्यंत. पुरुषांपेक्षा बायकांना बराच जास्त, त्यातही अंगाने भरलेल्या, मध्यम वयाच्या बायकांना. जागा ठरलेल्या: स्तन, मांड्या, कुल्ले, पोट. जिथे चरबी जास्त तिथे. पुरुषांत कधीकधी लिंगावर. आधी दुखतं, मग दिसतं, हे नीट लक्षात घ्या. रुग्ण सांगतो की इथे जळजळतंय, आत काहीतरी ठसठसतंय, आणि आपण बघतो तर नुसती लाली. काही तासांत लाली जांभळी होते, कडा स्पष्ट दिसायला लागतात, रक्ताळ फोड येतात आणि मधला भाग काळाठिक्कर, चामड्यासारखा कडक होतो. साध्या मुक्या माराच्या डागाचं उलटं असतं. तो दिसतो भयंकर आणि दुखतो बेताचा, चार दिवसांत हिरवा-पिवळा होत विरतो. चादरीचा स्पर्श सोसवत नाही असं दुखणं आणि वर फक्त तांबूस कातडी, ही जोडी गोळी सुरू केल्याच्या पहिल्या दहा दिवसांत दिसली की मी सकाळची वाट बघत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाळंतिणीला पायात गुठळी झाली म्हणून दाखल केलं होतं. तेव्हा पहिल्या दोन दिवशी दहा-दहा मिलिग्रॅमचा चढा डोस द्यायची पद्धत होती, आम्ही तो दिला. चौथ्या दिवशी उजवा स्तन लाल, दगडासारखा आणि अतिशय दुखरा झाला. तान्हं बाळ पाजणारी बाई. आम्ही सगळ्यांनी दूध साठलं, पू होतोय असं धरलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं. सहाव्या दिवशी तिथे काळे फोड आले, तेव्हा मी म्हटलं, अरे, हे तर रक्त जास्त पातळ होऊन साकळलंय. गोळी बंद केली, हेपरिन आधीच बंद होतं, आणि वरून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं. गोळी थांबवणं बरोबर होतं, व्हिटॅमिन केही बरोबर होतं. पण व्हिटॅमिन के बादलीवाल्यांना परत आणतं तसं लाकडंही परत आणतं, आणि मी तिला कुठल्याही आडोशाशिवाय ठेवलं होतं. नवव्या दिवशी तिच्या फुप्फुसात गुठळी गेली. ती वाचली. स्तनाचा अर्धाअधिक भाग काढावा लागला. दुसऱ्या वर्षी बाळाच्या वाढदिवसाचे पेढे घेऊन आली होती, आणि मला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं.

तेव्हा पहिल्या डॉक्टरांच्या ‘सगळं बंद करा’ या वाक्यातला ‘सगळं’ हा शब्द धोक्याचा आहे. ती विशिष्ट गोळी थांबते, गुठळीविरुद्धचे उपचार थांबत नाहीत. गोळी बंद करून शिरेतून व्हिटॅमिन के देतात, प्रोटीन सी भरून काढायला ताजा, थंडीत गोठवून ठेवलेला प्लाझ्मा (रक्तपेढीत मिळणारा रक्तातला द्रव भाग) देतात (प्रोटीन सीचं तयार औषधही असतं, पण ते सहजासहजी हाती लागत नाही आणि फार महाग आहे), आणि हेपरिन पुऱ्या मात्रेत सुरू ठेवतात (याला एक अपवाद आहे, तो खाली येईल). वेळेत पकडलं तर डाग लालीवरच थांबतो. काळा झालेला भाग मात्र परत जिवंत होत नाही. तो प्लास्टिक सर्जनच्या ताब्यात द्यायचा. ते लगेच कापायला धावत नाहीत. मेलेला आणि जगलेला भाग यांची सीमा स्पष्ट व्हायला काही दिवस जाऊ देतात, मग काढतात, आणि बऱ्याच जणांना त्वचारोपण लागतं. खपलीखाली पू झाला, ताप आला तर अर्थात थांबत नाहीत. या जखमेवर घरी हळद, तुरटी, कोरफड, गावठी मलम यांतलं काही लावू नका. हळदीवर माझा राग नाही, पण आत मेलेली चरबी आहे आणि वरून लेप लावला की काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

या घराण्यातल्या औषधांनी कातडी बिघडण्याचे आणखी दोन प्रकार आहेत, वेळ आणि जागा यांवरून ते वेगळे ओळखू येतात. एक, पायाची बोटं जांभळी होणं. हे गोळी सुरू झाल्यावर साधारण तीन ते आठ आठवड्यांनी होतं, बहुधा रोहिण्यांमध्ये चरबीचे थर साठलेल्या वयस्क माणसांत. थराची खपली निसटून कोलेस्टेरॉलचे बारीक खडे बोटांच्या शिरांत अडकतात. दोन्ही पायांची बोटं, तळव्याच्या कडा जांभळ्या होतात, दुखतात, बोटाने दाबलं की रंग जातो, पाय उंच केला की फिका पडतो, आणि गंमत म्हणजे पायाची नाडी चांगली लागते. अशा माणसाची लघवी आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) बघायचं, कारण तेच खडे मूत्रपिंडातही जाऊन बसतात.

दुसरा प्रकार डायलिसिसवाल्यांचा, आणि तो फार वाईट. व्हिटॅमिन केवर चालणारं आणखी एक प्रथिन असतं, जे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठू देत नाही. वॉरफरिन तेही बंद पाडतं. मूत्रपिंड निकामी असलेल्या माणसात कॅल्शियम-फॉस्फरसचा घोळ आधीच असतो, त्यात ही भर. मग कातडीखालच्या बारीक रोहिण्या चुनखडीसारख्या कडक होऊन बंद होतात. मांडीवर, पोटावर जाळीसारख्या जांभळ्या रेषा, हाताला लागणारे कडक गोळे आणि नंतर काळ्या जखमा. इथे दिवसांचा नाही, महिन्या-वर्षांचा हिशेब असतो. याला कॅल्सिफायलॅक्सिस म्हणतात, आणि वर्षभरात निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, मुख्यतः जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरून. वॉरफरिन थांबवणं, डायलिसिस आणि फॉस्फरस काटेकोर सांभाळणं, आणि सोडियम थायोसल्फेट देऊन बघणं, जे एरवी सायनाइडच्या विषबाधेत वापरतात. डायलिसिसचा रुग्ण मांडीत आग होते म्हणाला तर सुई बोचली असेल म्हणून सोडून देऊ नये, एवढं घरच्यांनी मनात ठेवावं.

आता हेपरिन, कारण वर मी त्याला आडोसा म्हटलं आणि त्याच आडोशाला कधीकधी सुरुंग असतो. काही लोकांच्या शरीरात हेपरिनविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, खरं तर हेपरिन आणि प्लेटलेटमधलं एक प्रथिन यांच्या जोडीविरुद्ध. ती प्लेटलेट्सना चेतवतात. प्लेटलेट खर्ची पडतात, आकडा उतरतो, आणि रक्तस्राव होण्याऐवजी जागोजाग गुठळ्या होतात. हे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी होतं. गेल्या तीनेक महिन्यांत आधी हेपरिन मिळालं असेल तर एका दिवसातसुद्धा. साध्या हेपरिनने जास्त, पोटावरच्या नव्या इंजेक्शनांनी बरंच कमी, शंभरात एकाहूनही कमी. कधी पहिली खूण सुईच्या जागीच दिसते: पोटावर टोचल्या जागी काळा, दुखरा डाग. सुईने निळं होणं रोजचं आहे, काळी खपली पडणं रोजचं नाही.

इथे आपल्याकडचा एक खास सापळा. रिपोर्टवर प्लेटलेट १.६ लाख दिसतात, खाली ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं आणि सगळे निर्धास्त होतात. पण दाखल झाल्या दिवशी त्या ३.४ लाख होत्या. निम्म्याहून जास्त पडल्या, हे महत्त्वाचं. दीड लाखाची रेघ नंतर. आणि पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की घरातले, वॉर्डातले सगळे डेंग्यू म्हणतात आणि प्लेटलेटच्या पिशव्या शोधायला लागतात. रक्तस्राव होत नसताना या आजारात प्लेटलेट चढवणं म्हणजे गुठळ्यांना माल पुरवणं. हेपरिन सर्व स्वरूपांत बंद करायचं, अगदी सलाइनची नळी धुवायला वापरतात तेसुद्धा, आणि आर्गाट्रोबॅन किंवा फोंडापॅरिनक्ससारखं दुसरं औषध सुरू करायचं.

आणि सगळ्यात वाईट चूक या दोन्हींच्या सांध्यावर होते. हेपरिनने प्लेटलेट पडल्या म्हणून हेपरिन थांबवलं आणि घाईने वॉरफरिन सुरू केलं. आग भडकलेली आहे आणि आपण बादलीवाल्यांना सुट्टी दिली. पायात आधी गुठळी असेल तर त्याच पायाची बोटं, पाऊल काळं पडायला लागतं, नाडी लागत असतानाही, कारण अडलेल्या असतात परतीच्या शिरा. कॅनडातल्या हॅमिल्टनचे थिओडोर वॉर्केंटिन यांनी १९९७ साली हा प्रकार नीट उलगडून दाखवला. अशा रुग्णांचा आयएनआर बहुधा साडेतीन-चारच्या वर गेलेला असतो. तो बघून पुन्हा कुणीतरी म्हणतं, ‘रक्त फार पातळ झालंय’. त्या आकड्याचा खरा अर्थ प्रोटीन सी तळाला गेलंय असा. प्लेटलेट पुन्हा दीड लाखाच्या वर स्थिर होईपर्यंत या घराण्यातली गोळी द्यायची नाही आणि दिलेली असली तर व्हिटॅमिन के देऊन तिचा परिणाम उतरवायचा. तुमच्या आईंना दोन दिवस का होईना हेपरिन मिळालंय, म्हणून त्यांच्या प्लेटलेटचे सगळे आकडे तारखेनुसार एका कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. ही शंका बाजूला सारल्याशिवाय त्यांना पुन्हा हेपरिन देणं बरोबर नाही.

खरंच रक्त वाहून मांस बिघडण्याचा प्रकारही असतो, तो दुर्मीळ नाही आणि बऱ्याचदा आपणच ओढवून घेतो. गोळीवर असलेला माणूस कंबर धरली म्हणून जातो आणि सांगतो, ‘डॉक्टर, एक इंजेक्शन ठोका’. कुल्ल्यात सुई जाते, आत स्नायूत रक्त साठतं, दोन दिवसांनी पाय उचलत नाही. गोळी चालू असताना स्नायूतलं इंजेक्शन टाळायचं, आणि वेदनाशामक गोळ्याही परस्पर दुकानातून आणायच्या नाहीत. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल किंवा जंतूंवरचं मेट्रोनिडॅझोल सुरू झालं तर आयएनआर लवकर तपासायचा. दोन्हींनी तो झपाट्याने चढतो.

हे सगळं वाचून कुणी गोळी बंद करू नये म्हणून थोडं विषयांतर. इंटरनेटवर हटकून सापडतं की हे उंदीर मारायचं औषध आहे. खरं आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, तिचं न गोठलेलं रक्त भरलेली किटली आणि सडका चारा घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. त्या चाऱ्यातल्या द्रव्यातून पुढे १९४८ मध्ये उंदरांसाठी वॉरफरिन आलं, आणि १९५४ पासून माणसांसाठी. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच दिलं होतं. माझ्या क्लिनिकमधले निम्म्याहून अधिक रुग्ण लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप गेलेले आणि धातूची झडप बसवलेले आहेत. त्यांना या गोळीला पर्याय नाही. नवीन गोळ्या धातूच्या झडपेवर चालत नाहीत, हे चाचण्यांमध्ये दिसून आलंय. त्यातल्या डॅबिगॅट्रान या गोळीची चाचणी २०१२ मध्ये त्यामुळे थांबवावी लागली. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या माणसाला हा नेक्रोसिस जवळजवळ होत नाही. अपवाद असतो तो मधे आठ-पंधरा दिवस आपल्या मनाने गोळी सोडून पुन्हा एकदम सुरू करणाऱ्याचा. दाढ काढायची म्हणून, तीर्थयात्रेला गेलो म्हणून. खंड पडला तर परत सुरू कशी करायची ते विचारून करा, चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दुप्पट तर कधीच नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आईंना कृत्रिम झडप नसेल, पायातल्या गुठळीसाठीच औषध हवं असेल, तर ही गोळी पुन्हा देण्याची गरज बहुधा पडणार नाही. रिव्हरॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान या गोळ्या व्हिटॅमिन केच्या चक्रात हात घालत नाहीत, प्रोटीन सी जागच्या जागी राहतं, आणि आता भारतात त्या जेनेरिक स्वरूपात मिळतात. त्याआधी एक चाचणी मात्र करा: अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेल्या, गुठळ्या घडवणाऱ्या अँटिबॉडींची. ही प्रतिपिंडं तिन्ही प्रकारची निघाली तर नवीन गोळ्या पुरेसं संरक्षण देत नाहीत, मग पुन्हा वॉरफरिनकडेच यावं लागतं. मूत्रपिंड आणि यकृताचे आकडेही बघावे लागतील. आणि यावंच लागलं तर? जमतं. हेपरिन पूर्ण मात्रेत चालू ठेवून एक-दोन मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग कित्येक दिवस घेत मुंगीच्या पावलाने वर. मी स्वतः दोन रुग्णांत हे केलंय, दोघेही व्यवस्थित आहेत. तोवर फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवा: कुठलं औषध, कितव्या दिवशी, कुठे नेक्रोसिस. नुसतं ‘असिट्रॉमची ॲलर्जी’ असं लिहू नका, कारण ही ॲलर्जी नाही आणि पुढच्या डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही.

तपासणी. हा त्रास झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला प्रोटीन सीची जन्मजात कमतरता सापडते, काहींत प्रोटीन एसची. उरलेल्यांत काहीच सापडत नाही. पण आत्ता, घाईत, रक्त देऊ नका. या गोळीने दोन्ही प्रथिनं कमी होतात, ताज्या गुठळीनेही होतात, आणि प्लाझ्मा दिला असेल तर खोटी वाढलेली दिसतात. गोळी थांबून किमान दोन आठवडे, जमलं तर महिना जाऊ द्या. हेपरिनवर असताना अँटिथ्रॉम्बिनही (गोठण्याला आवर घालणारं आणखी एक प्रथिन) खोटं कमी दिसतं. चुकीच्या दिवशी केलेल्या महागड्या ‘थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल’चे, म्हणजे गुठळ्यांकडे जन्मजात कल आहे का बघणाऱ्या तपासण्यांचे, रिपोर्ट घेऊन घाबरलेली कुटुंबं माझ्याकडे दर महिन्याला येतात.

आईंमध्ये कमतरता पक्की झाली तर तुमच्याकडे आणि बहिणीकडे ती येण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. तुम्ही तेव्हा एकदा तपासून घ्या. कमतरता निघाली तरी गुठळी झाल्याशिवाय रोजचं औषध लागत नाही; ऑपरेशन, प्लास्टर, लांब अंथरुणावर पडून राहणं अशा वेळी डॉक्टरांना आधी सांगायचं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न व्हायचं आणि अजूनही होतं. दोन्हीकडून हाच दोष आला तर बाळाला जन्मल्यावर काही तासांत-दिवसांत अंगभर असे काळे चट्टे येतात, आणि ते फार क्रूर असतं. घरात तसं नातं जुळत असेल तर हे आधी बोला.

बहिणीचं थोडं वेगळं. गरोदरपणात प्रोटीन एस आपोआप उतरतं, म्हणून तेव्हाची तपासणी फसवी, पण गुठळीचा धोका मात्र गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे खराच वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञाला आईचा किस्सा पहिल्याच भेटीत सांगायला सांगा. गर्भनिरोधक गोळ्या, त्यातही इस्ट्रोजेन असलेल्या, तिने घेऊ नयेत. आणि आणखी एक, जे कुणी औषध म्हणून धरतच नाही: गणपतीत, सत्यनारायणाला, भावाच्या लग्नात पाळी पुढे ढकलायची गोळी. त्या गोळीतल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि शेजारीण, जाऊ कुणीही सुचवते. बहिणीचा रिपोर्ट येईपर्यंत तिने ती घेऊ नये, आणि हे तिला सासूसमोर सांगावं लागणार असेल तर माझं हे उत्तर दाखवा.